मॉडिफाय केलेला ट्रम्पेट विकायचाय? मग आधी हे वाचा

माझ्याकडे यामाहाचा ४३३५जी होता, गोल्ड ब्रासचा भोंगा असलेला. त्याच्यावर मी तीन उद्योग केले होते: लॅकर म्हणजे वरचा चकचकीत लेप काढून पितळ उघडं केलं, लीडपाइप (माउथपीस ज्यात बसतो ती पहिली नळी) दुसरा बसवला आणि वॉल्व्हच्या खालच्या टोप्या जड घातल्या. विकायला काढला तेव्हा डोक्यात हिशोब असा की ट्रम्पेटची किंमत अधिक ह्या सगळ्याचा खर्च. हौसेला मोल नाही म्हणतात ना, विकताना ते अक्षरशः खरं होतं, पैसे मिळतात शून्य.

वसईहून एक अंकल बघायला आले, अख्खं आयुष्य बँडमध्ये गेलेलं. वाजवायच्या आधी त्यांनी ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायची सरकती नळी, काढली, लीडपाइप खिडकीकडे धरला आणि एक डोळा मिटून आत बघत बसले. मग जोडावर अंगठा फिरवला. "पोरा, हा डाख कुणी दिला? आणि जुना पाइप कुठाय?" जुना पाइप मी कधीच भंगारात टाकला होता. तिथेच भाव खाली आला.

तर पहिलं काम हे, की काढलेले ओरिजिनल पार्ट शोधा. टोप्या, बोटाची बटणं असलं जे स्क्रूने निघतं ते परत मूळचं लावा आणि हौसेचे पार्ट वेगळे विका. डाख देऊन केलेलं, कापलेलं किंवा लॅकर उतरवलेलं घरच्या घरी पूर्ववत होत नाही, ते सांगूनच विकायचं. भाव काढताना त्याच मॉडेलचा न छेडलेला सेकंडहँड पीस कितीला जातोय ते बघा, तिथून सुरुवात करा आणि खालीच या, वर जाऊ नका. आणि बाख कंपनीचा जुना पीस असेल ज्याच्या भोंग्यावर माउंट व्हर्नन (त्यांच्या जुन्या कारखान्याचं गाव) कोरलंय, तर त्याला विकायच्या आधी पॉलिशवाल्याकडे अजिबात नेऊ नका, जुन्या पिसांचे शौकीन मूळ फिनिशलाच पैसे मोजतात.

गिऱ्हाईक काय तपासणार ते आधी तुम्ही तपासा. लीडपाइपवर गुलाबी-लालसर डाग आणि मधे काळा ठिपका दिसला तर पितळातलं जस्त निघून चाललंय, ते पॉलिशने जात नाही, फोटोत लपवलंत तर घरी आल्यावर दिसणारच. मग वॉल्व्ह. दुसऱ्या वॉल्व्हची छोटी स्लाइड वॉल्व्ह न दाबता थोडीशी बाहेर ओढा, पूर्ण काढू नका, तीनचार सेकंद थांबा आणि आता वॉल्व्ह दाबा, पॉप असा खणखणीत आवाज आला तर वॉल्व्हमधला पिस्टन नीट बसतोय. नुसतं फुस्स झालं तर हवा गळतेय. कुठलीही स्लाइड अडकली असेल तर पक्कड लावू नका हो, रिपेअरवाल्याकडे न्या.

फोटो दिवसाउजेडी काढा, सिरीयल नंबरचा, प्रत्येक पोच्याचा, प्रत्येक जोडाचा. व्हिडिओत हॉलचा घुमणारा आवाज नको, घरात साधा स्केल खालपासून वरपर्यंत वाजवा आणि बोटं दिसू द्या. "साउंड एकदम डार्क झाला" वगैरे लिहू नका, लीडपाइप कुठल्या कंपनीचा, कधी बसवला, कुणाकडून, एवढं लिहा. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, माहीत असेल तर तोही लिहा, माझा ११.६५ मिमी होता. येणाऱ्याला स्वतःचा माउथपीस आणायला सांगा, तुमच्या माउथपीसवर त्याला काय कळणार.

वेळ म्हणाल तर दसरा ते तुळशीचं लग्न, कारण पुढे लग्नाच्या सुपाऱ्या सुरू होतात आणि वसई-गोव्याकडे नाताळ असतो. आषाढात कुत्रं विचारत नाही.

कुरिअर करायचं तर माउथपीस केसमधून काढून वेगळा गुंडाळा, नाहीतर तो आत खुळखुळत जाऊन भोंग्यालाच पोचा पाडतो. आणि कुणी न बघता "लगेच घेतो, क्यूआर पाठवतो, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवून द्या, पैसे घ्यायला यूपीआयचा पिन लागतच नाही.

माझा शेवटी त्याच अंकलनी घेतला, महिन्याभराने, त्यांच्याच भावात. जड टोप्या तिथल्या तिथे काढल्या, केसच्या खिशात जुन्या सापडल्या त्या लावल्या आणि जड वाल्या माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "ह्या तुझ्या तुला."