टर्मिनलवर नेटवर्क तपासताना या चुका टाळा

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या छोट्या कचेऱ्यांत 'नेट गेलं' म्हटलं की पहिला हात राउटरच्या बटणावर जातो. ते करू नका. राउटर बंद केला की चालू असलेल्या टर्मिनलांचं, म्हणजे कामाच्या संगणकांचं, नेटही तुटतं आणि बिघाड कुठे होता हे मग कळत नाही. आधी शेजारचं टर्मिनल बघा. तिथे काम होत असेल, तर दोष तुमच्या मशीनमध्ये, वायरीत किंवा ती जिथे खोचली आहे त्या पोर्टमध्ये आहे.

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. १२७.०.०.१ ला पिंग केलं, उत्तर आलं, म्हणून नेटवर्क कार्ड ठीक आहे असं धरू नका. तिथे मशीन स्वतःशीच बोलतं. वायर काढून ठेवली तरी उत्तर येतं. त्यापेक्षा कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा चालवून आपल्या मशीनचा नेटवर्क पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. पुढचं पिंग करण्यात अर्थ नाही, वायरीकडे वळा.

सगळ्यात जास्त फसवतो तो पिंगचा शेवटचा हिशेब. विंडोजमध्ये 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' (समोरचं मशीन गाठता येत नाही) येतं, तरी खाली 'लॉस्ट' शून्य दिसतं, कारण तो निरोपसुद्धा उत्तर म्हणून मोजला जातो. 'रिप्लाय फ्रॉम'च्या पुढचा पत्ता नीट वाचा. तो तुमच्याच मशीनचा असेल, तर समोरचं मशीन सापडलेलंच नाही. उलट 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' (वेळेत उत्तर आलं नाही) म्हणजे सर्व्हर मेला असंही नव्हे. फायरवॉल, म्हणजे नको ती ये-जा रोखणारी सुरक्षाव्यवस्था, पुष्कळदा पिंग अडवते आणि काम चालू असतं. अशा वेळी विंडोजच्या पॉवरशेलमधून टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा वापरून तुमचं सॉफ्टवेअर ज्या पोर्ट क्रमांकावर चालतं (हा वायर खोचायचा पोर्ट नव्हे) तोच तपासा.

८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक सर्व्हर) पिंगला उत्तर देतो पण साइट नावाने उघडत नाही? मग डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा, बघा.

वायर खोचलेल्या पोर्टचा दिवा लागला म्हणजे वायर धड, हा समजही सोडा. १०० एमबीपीएस वेगाला वायरीतल्या आठांपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) आठही. दोन्ही टोकं गिगाबिटची असून वेग १०० वर अडकला, तर बहुधा एखादी तार तुटली आहे किंवा टोक गंजलं आहे. विश्वामित्री नदीचं पाणी तळमजल्यात शिरून गेलं असेल, तर भिंतीतली सॉकेटं उघडून तांब्यावर हिरवट थर चढला आहे का ते आवर्जून पाहा. तज्ज्ञाला फोन करण्याआधी खात्रीची दुसरी वायर लावून बघा, आणि भिंतीतलं सॉकेट वगळून थेट स्विचला (सगळ्या वायरी एकत्र येतात त्या डबीला) जोडा.