सिमेंटचं धुराडं तडकलंय का, हे चूल पेटवण्याआधी कसं पाहावं

गणपतीला घर उघडलं की न्हाणीतली पाण्याची चूल पेटते. पंधरा माणसांच्या आंघोळी असतात, म्हणून हंडा चढवून नारळाच्या सोडणं-करवंट्यांचा दणकून जाळ करतात. चार महिने पाऊस पिऊन बसलेलं धुराडं असं एकदम तापतं आणि जुना तडा उघडतो.

आमच्या गुहागरच्या घरी हे झालं. माळ्यावर नारळ काढायला चढलो तर डांबरासारखा वास आला. धुराड्याला टेकलेल्या वाशाला हात लावला, बोटं काळी झाली. तळहाताएवढा भाग कोळसला होता, नखाने टोकरला की चौकोनी खवले निघत होते. खाली न्हाणीत कुणाला काहीही जाणवलं नव्हतं. म्हणून कळकळीने सांगतो, भिंतीवर दिसणाऱ्या भेगेपेक्षा माळ्यावरची, लाकडाजवळची भेग आधी शोधा.

तयार सिमेंटच्या नळ्या एकावर एक रचून केलेलं धुराडं बाहेरून भक्कम दिसतं, पण प्रत्येक सांधा ही त्याची कच्ची जागा असते. त्यात आपली खारी हवा. नळीत सळी किंवा जाळी असेल तर ती गंजते, गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो आणि काँक्रीट आतून फुटत जातं. भेगेतून गरम धूर वाशापर्यंत पोचतो. लाकूड एरवी 250 ते 300 अंश सेल्सिअसच्या आसपास पेट घेतं, पण वर्षानुवर्षं शेकून कोळसलेलं लाकूड त्याहून कमी उष्णतेलाही धुमसू लागतं. निसर्ग वादळाने 3 जून 2020 ला माड-पोफळी छपरांवर पाडल्या, तेव्हा बऱ्याच घरांची कौलं बदलली गेली. त्याच धक्क्याने धुराड्याचे सांधे हलले का, हे मात्र थोड्यांनीच पाहिलं. तुमचं छप्पर तेव्हा दुरुस्त झालं असेल तर ही तपासणी टाळू नका.

तपासणीसाठी आदल्या दिवसापासून चूल बंद ठेवा. आधी बाहेरून बघा. धुराडं झुकलंय का, सांध्याखाली तपकिरी ओघळ आहेत का, खारासारखे पांढरे डाग आलेत का. तपकिरी ओघळ म्हणजे आतला धूर-डांबर बाहेर झिरपतंय. मग चुलीच्या तोंडाशी आरसा तिरका धरून वर बॅटरी मारा. आभाळाचा गोल तुकडा दिसला पाहिजे. दिसला नाही तर घरटं, पातेरा किंवा पडलेला तुकडा अडकलाय. पेटवण्याआधी तो काढाच.

आता माळा. इथे घाई करू नका. धुराड्याभोवतीची चुडतं, पेंढा, जुन्या चटया, रद्दी सगळं दूर करा. शेण-मातीचा लेप असेल तर सांध्यांवरचा थोडा खरवडा, कारण लेपाखाली भेग झाकलेली असते. लाकडी मुठीने नळीवर हलकेच वाजवा. खणखणीत आवाज चांगला, बद्द आवाज आला तिथे भेग शोधा. धुराडं आणि वासा-रीप यांत निदान 2 इंच मोकळी जागा हवी. आमच्याकडे बोटही जात नव्हतं.

यानंतर धुराची परीक्षा. एक जण चुलीत ओला पाला टाकून थोडा धूर करतो, दुसरा वरचं तोंड ओल्या गोणपाटाने झाकतो, तिसरा माळ्यावर बॅटरी घेऊन बसतो. धूर जिथून निघेल तिथे खडूने खूण करा. दोन-तीन मिनिटं पुरेत, न्हाणीची दारं-खिडक्या उघडी ठेवा आणि गोणपाट लगेच काढा. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. तडकलेल्या धुराड्याखाली दार लावून आंघोळ करणं त्याचसाठी धोक्याचं आहे.

आतली काजळी 3 मिलिमीटरच्या वर साठली असेल तर काढा. नाकाला फडकं बांधून, दोरीला काटेरी जुडी लावून वरून खाली ओढा. चकचकीत, डांबरासारखी काजळी सर्वांत वाईट, ती पेटली तर आत 1000 अंशांच्या वर जाऊ शकतं. ओली लाकडं अशी काजळी धरतात. काजूच्या बियांची टरफलंही चुलीत घालू नका, त्यांत तेल असतं, जाळ भडकतो आणि चिकट काजळी बसते.

तडा सापडला तर साधं सिमेंट फासून मोकळे होऊ नका. ते तापलं की पुन्हा फुटतं आणि तोवर भेग झाकून ठेवतं. बारीक भेग सांध्यातली असेल तर फायर क्लेचा उष्णतेला टिकणारा मसाला भरून घ्या. भेग आरपार असेल, तुकडा हलत असेल, किंवा ती लाकडाजवळ असेल, तर ती नळी बदला किंवा आत स्टेनलेस स्टीलची नळी बसवून घ्या. खाऱ्या हवेत 316 दर्जाचं स्टील जास्त टिकतं. नळी छपराच्या सिमेंट पत्र्यासारखी पातळ, राखाडी असेल तर तिच्यात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. ती घासू नका, करवतीने कापू नका. तापली की ती स्फोटासारखी फुटतेही. ती जाणत्या माणसाकडून आख्खीच उतरवून घ्या. मग वासा मागे सरकवा आणि मधल्या जागेत काही ठेवू नका. आमच्या वाशाचा कोळसलेला तुकडा सुताराने कापून नवा जोडला.

तरीही कधी धुराड्यातून विमानासारखा घरघराट आला आणि तोंडातून ठिणग्या उडू लागल्या, तर सगळ्यांना बाहेर काढा आणि 101 किंवा 112 ला फोन करा. वाट मोकळी असेल तर चुलीतला जाळ राखेने किंवा वाळूने दाबा, हवेचं तोंड बंद करा. धुराड्यात वरून पाणी ओतू नका, वाफेने आणि धक्क्याने ते फुटतं. जाळ विझल्यावर, वर जाणं सुरक्षित आहे असं कळल्यावरच, तासाभराने आणि पुन्हा झोपण्याआधी माळ्यावर जाऊन वाशांजवळ हात धरून बघा. गरम लागलं किंवा धूर दिसला तर पुन्हा फोन करा.