कच्छच्या छोट्या रणात पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक मुंबई-पुण्यात बसून बुकिंग करतानाच होते. कच्छचं रण म्हटलं की लोक धोरडोचा तंबू घेऊन मोकळे होतात. तिथलं पांढरं रण चांदण्यात बघण्यासारखं आहेच, पण हिवाळी पाहुण्या पक्ष्यांसाठी गाठायचं ते छोटं रण, म्हणजे जवळपास ५,००० चौरस किलोमीटरचं रानगाढवांचं अभयारण्य. ते धोरडोपासून बरंच दूर, सुरेंद्रनगरच्या बाजूला आहे. मुक्काम दसाडा, झैनाबाद किंवा बजाण्याला ठेवा. रेल्वेने येणाऱ्यांना विरमगाम सोयीचं.

दुसरी चूक मागच्या वर्षीच्या लोकेशनवर भरवसा ठेवण्याची. पावसाळ्यात इथे नद्यांचं आणि खाडीचं पाणी पसरतं आणि मग महिनोन्‌महिने आटत जातं. रोहित (फ्लेमिंगो), पेलिकन, बदकं त्या पाण्यामागे सरकतात. डिसेंबरात गजबजलेली पाणथळ जागा फेब्रुवारीत भेगाळलेली दिसू शकते. म्हणून निघण्याआधी स्थानिक गाइडला फोन करून एवढंच विचारा: सध्या पाणी कुठे आहे?

क्रौंच आणि करकोचे हुकतात ते चहा-नाश्त्यापायी. रात्री ते उथळ पाण्यात उभे असतात आणि उजाडताच दाणे टिपायला शेतांकडे उडतात. आठला जीप काढली तर रिकामं पाणी बघायचं. अंधारातच निघा, आणि कानटोपी घ्या. उघड्या जीपमधली पहाटेची थंडी पुणेकरांनाही झेपत नाही.

फोटो धूसर येतात? लेन्सला दोष देऊ नका. ऊन चढलं की जमीन तापते, हवा थरथरते आणि लांबचा पक्षी पाण्यात हलल्यासारखा दिसतो. ट्रायपॉडने हे सुटत नाही. दुपारी दुर्बीणच बरी.

हुबारा दिसला की ड्रायव्हरला ‘अजून पुढे’ म्हणणारे तर डोक्यातच जातात. माळढोकाच्या कुळातला हा पक्षी धोका वाटला की जमिनीला चिकटून बसतो. तो बसला म्हणजे तुम्ही आधीच फार जवळ गेलात. गाडी थांबवा, इंजिन बंद करा. संध्याकाळी गवताळ बेटांवर उतरणाऱ्या भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्यांच्या बाबतीतही हेच.

स्वतःची एसयूव्ही रणात घालू नका. वरचा पापुद्रा वाळलेला दिसतो, खाली चिखल असतो, आणि बाहेर काढायला ट्रॅक्टर मिळेपर्यंत दिवस मावळतो. दिवाळीत जाणार असाल तर वाटा वाळल्यात का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.