बॅग भरण्याआधी तिथी बघा

मालवण-वेंगुर्ल्याकडे दोन-तीन दिवस छोट्या बोटीने फिरायचं ठरलं, की आधी कॅलेंडर घ्या आणि तारखेखालची तिथी बघा. खोली, गाडी सगळं त्यानंतर. खाडीत काय दिसणार ते पाण्यावर ठरतं आणि पाणी तिथीवर. किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावस्या-पौर्णिमेला (पंधरावी तिथी) सव्वाअकरा-बाराच्या आसपास. तिथून सहा तास पुढे-मागे ओहोटी. दक्षिणेला भरती मुंबईच्या जरा आधी लागते, म्हणून नेमकी वेळ तांडेलाला, म्हणजे होडी चालवणाऱ्याला, फोन करून पक्की करा. माझी पसंती द्वितीया-तृतीयेला. सकाळी सात-आठला पाणी तळाला गेलेलं असतं, वाराही पडलेला असतो आणि चढत्या पाण्याबरोबर आत शिरता येतं. उतरत्या पाण्यात होडी गाळात बसली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. चढत्या पाण्यात बसली तर थोड्या वेळाने आपसूक सुटते. महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात होड्या बंदच असतात.

ओहोटीचा एवढा आग्रह कशासाठी, ते कार्ली किंवा मांडवीच्या खाडीत गेल्यावर कळतं. खारफुटीतल्या कांदळाची आधारमुळं उघडी पडतात, तिवराची श्वसनमुळं गाळातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. निवट्या, म्हणजे पाण्याबाहेरही वावरणारे छोटे मासे, पुढच्या परांवर अंग रेटत चिखलावरून सरकतात. दोघी समोरासमोर आल्या की पाठीवरचा पर ताठ उभा करतात. फिडलर खेकड्याचा नर बिळाच्या तोंडाशी बसून आपली एकच मोठी नांगी हलवत राहतो. हे सगळं होडीपासून हाताच्या अंतरावर. चिप्पी ही खारफुटीतलीच आणखी एक जात, ती ओळखायला शिकून जा. पांढरी चिप्पी २०२० पासून आपला राज्य कांदळवृक्ष आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिनाचा आवाज नसल्याने खंड्या जागचा उडत नाही. शक्य असेल तर तीच फेरी घ्या.

दुर्बीण ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुरे. जास्त ताकदीची होडीच्या हालण्याने स्थिर राहत नाही. दुर्बीण लागते ती सुरूच्या शेंड्यावर बसलेल्या समुद्रगरुडासाठी. मोबाइल आणि दुर्बीण दोन्ही तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या पिशवीत ठेवा. कपडे सुती, पूर्ण बाह्यांचे. टोपीला हनुवटीखाली बांधायची दोरी हवी. पायांत मागे पट्टा असलेले सँडल. साध्या चपला चिखल ओढून घेतो आणि खडकावरची कालवं तळपाय चिरतात. बोट लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी निघण्याआधी तासभर घ्या, आदल्या रात्री तळलेलं टाळा. होडीत संडास नसतो, तेव्हा किनाऱ्यावरच आटोपून निघा. पाणी मात्र कमी नेऊ नका. लाइफ जॅकेट आपल्या मापाचं आहे का, ते बसण्याआधी घालून बघा, लहान मुलांचं तर आवर्जून.

डॉल्फिनचं बोलणं पैसे ठरवतानाच करून घ्या: मागे लागायचं नाही. आपल्याकडचे हंपबॅक डॉल्फिन किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात असतात. दूर इंजिन बंद करून थांबलं, तर श्वास घ्यायला वर येताना पाठीचा उंचवटा नीट दिसतो. होड्यांनी घेरलं तर ते बुडी मारून निघून जातात, आणि सोबत पिल्लू असेल तर त्याचीही दमछाक होते. असा पाठलाग नाकारणाऱ्या तांडेलाला दोन पैसे जास्त द्यायला माझी कधीच ना नसते.

एक दिवस हाताशी असेल तर दोडामार्गकडे वळा. हेवाळे-बांबर्डेला जायफळाच्या कुळातल्या झाडांची गोड्या पाण्याची दलदल आहे. कोकणात हे फार दुर्मीळ जंगल. तिथली झाडंही चिखलातून मुळं वर काढतात. गावातलं कोणी सोबत असल्याशिवाय आत जाऊ नका, मुळांवर पाय देऊ नका. बूट वेगळे न्या, कारण खाडीत भिजलेले सँडल तोवर वाळलेले नसतात.