कृषी विस्तार शिक्षणात एम.एस्सी. करताना

राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांत विस्तार शिक्षणाचे, म्हणजे शेतीचे नवे ज्ञान शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवण्याच्या विषयाचे, पदव्युत्तर शिक्षण मिळते. त्यासाठी कृषी पदवीनंतर राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा द्यावी.

खरे कष्ट प्रबंधाचे असतात. विषय पक्का होताच मुलाखत अनुसूची, म्हणजे शेतकऱ्यांना विचारायच्या प्रश्नांची यादी, तयार करून ती नमुन्याबाहेरच्या (अभ्यासासाठी न निवडलेल्या) काही शेतकऱ्यांकडे आधी तपासून पाहावी, कारण ‘ठिबक वापरता का?’ या प्रश्नाला मिळणारे ‘हो’ पुष्कळदा अपुरे असते आणि नळ्या गोठ्याच्या आढ्याला गुंडाळून टांगलेल्या दिसतात. म्हणून किती एकरांवर, कोणत्या हंगामापासून, फिल्टर शेवटचा कधी धुतला, असे विचारावे, आणि शक्यतो बांधावर जाऊनच विचारावे. पेरणीच्या दिवसांत मुलाखती ठेवू नयेत. तेव्हा शेतकऱ्याचा वेळ मागणे मला योग्य वाटत नाही.