खान्देशच्या हवेत मिनिएचर रंगवण्याआधीची तयारी

टेबलावर मांडून खेळायच्या युद्धखेळांसाठी लागणारी २८ किंवा ३२ मिलिमीटर मापाची मिनिएचर, म्हणजे सैनिक, घोडे वगैरेंच्या लहान मूर्ती, मग ती प्लॅस्टिकची असोत वा धातूची, रंगवायला घेण्यापूर्वी काय काय करावे हे सांगणाऱ्या याद्या पुष्कळ आहेत, परंतु त्यांतल्या बहुतेक थंड आणि दमट देशांत राहणाऱ्यांनी स्वतःच्या सोयीने केलेल्या आहेत. स्प्रेचा डबा वापरण्याआधी कोमट पाण्यात धरावा असे त्यांत सांगितलेले असते. भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना हा सल्ला कोणी पाळू नये. म्हणून ही यादी आपल्याकडचा उन्हाळा, धूळ, बोअरचे जड पाणी आणि पावसाळ्यातली ओल धरून केली आहे. रंग कसे चढवावेत याविषयी तीत कमी आहे, कारण माझ्या मते वाईट दिसणाऱ्या मिनिएचरपैकी बहुतेकांचे नुकसान पहिला ब्रश टेकण्याआधीच झालेले असते.

सर्वांत आधी हातातली वस्तू कशाची आहे ते ओळखावे, कारण पुढचे गोंद, पाणी आणि रंग या साऱ्यांचे निर्णय त्यावर ठरतात. भाग ज्यात एकत्र ओतलेले येतात त्या चौकटीला जोडलेले, कापताना कट्‌ असा आवाज करणारे कडक प्लॅस्टिक म्हणजे बहुधा पॉलिस्टायरीन. हाताने वाकणारे आणि चाकूखाली रबरासारखे ओढले जाणारे ते पीव्हीसी. कानस मारताच पिठूळ भुकटी देणारे आणि पातळ भाग चटकन मोडणारे ते रेझिन. हातात घेताच वजन जाणवणारे ते पांढऱ्या धातूचे, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूचे. जुन्या धातूच्या मिनिएचरमध्ये शिसे असू शकते. त्यामुळे जुना माल हाती आला असेल तर घासकाम स्वयंपाकघरात करू नये, घरात लहान मुले असतील तर ती भुकटी ओल्या फडक्याने टिपून वेगळी टाकावी, मास्क लावावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरण्याची सवयही याच कारणाने सोडून द्यावी.

हत्यारांसाठी परगावी मागणी नोंदवण्याची घाई करू नये. जळगावचा सराफ बाजार सोन्यासाठी प्रसिद्ध आहे, परंतु सोनारकामाला लागणारी हत्यारे विकणारी दुकाने हीच या छंदाचीही खरी दुकाने होत. बारीक कानशींचा संच, टोकदार चिमटा, हाताने फिरवायचा लहान ड्रिल आणि त्यात बसणाऱ्या १ मिलिमीटरच्या सुया, पितळी तार, डोळ्याला लावायचे भिंग हे सारे तिथे मिळते, आणि छंदाच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या वस्तूंपेक्षा ते बहुधा टिकाऊ असते. चौकटीतून भाग सोडवण्यासाठी मात्र इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाले वापरतात ते सपाट पात्याचे कटर घ्यावे. वॉटर पेपर ४००, ६०० आणि ८०० नंबरचा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो.

भाग सोडवताना कटरची सपाट बाजू मिनिएचरकडे ठेवून थोडे अंतर राखून कापावे आणि उरलेला ठोंब चाकूने दोन-तीन वेळा पातळ पातळ काढावा. एकाच घावात साफ करायला गेल्यास पॉलिस्टायरीनवर पांढरा डाग आणि खळगा पडतो. यानंतर साच्याच्या दोन अर्ध्या भागांच्या सांध्यावर राहिलेली बारीक उभी रेघ शोधावी. ती खांद्यावरून, चिलखताच्या कडेने आणि पायाच्या पोटरीवरून जाते आणि साध्या नजरेला दिसत नाही, पण मिनिएचर दिव्याखाली तिरपे धरून हळूहळू फिरवले की तिची सावली दिसते. चाकूची धार नव्हे, तर पाठ त्या रेघेवरून खरवडत न्यावी. धातूवर हे काम कानशीने करावे आणि कानस एकाच दिशेने चालवावी. या रेघेकडे दुर्लक्ष केले तर नंतर कोरड्या ब्रशने कडा उजळताना रंग नेमका तिच्यावरच बसतो.

धुणे हा टप्पा अनेक जण वगळतात. साच्यातून वस्तू सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर रेझिनवर हमखास आणि धातूवर बऱ्याचदा असतो, आणि त्यावर प्रायमर, म्हणजे रंगाआधी द्यायचा पायाचा थर, धरत नाही. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे थोडे थेंब टाकून जुन्या टूथब्रशने प्रत्येक घडी घासावी. हे काम मोरीत उघड्यावर करण्याऐवजी चहाच्या जुन्या गाळणीत करावे, म्हणजे एखादा तळहात किंवा तलवारीची मूठ पाण्याबरोबर जाणार नाही. धुतलेले भाग सावलीत वाळवावेत. गच्चीवरच्या उन्हात ठेवलेला रेझिनचा पातळ भाला दुपारपर्यंत वाकतो. तो वाकलाच तर गरम पाण्यात थोडा वेळ धरून सरळ करावा आणि लगेच गार पाण्यात बुडवावा. पीव्हीसीच्या वाकड्या भागांनाही हाच उपाय लागू पडतो.

गोंदाच्या बाबतीत आपल्या भागात एक मोह हमखास पडतो. ठिबक आणि पाइपांच्या या प्रदेशात पीव्हीसी पाइप जोडण्याचे सोल्यूशन शेताशेतांवर सापडते, आणि प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचे सोल्यूशन चालेलच असे वाटते. ते पॉलिस्टायरीनला चिकटत नाही असे नाही. उलट त्यातील द्रावके इतकी तीव्र असतात की पॉलिस्टायरीन विरघळून चेहऱ्यावरचे नाकडोळे बुजतात. पॉलिस्टायरीनसाठी असिटोन आणि ब्युटाइल असिटेट यांसारख्या द्रावकांचे पातळ प्लॅस्टिक सिमेंट घ्यावे, दोन भाग आधी कोरडेच जुळवून पाहावेत आणि मग सांध्यावर ब्रशचे टोक फक्त टेकवावे. द्रव आपोआप फटीत ओढला जातो. हे सिमेंट धातूवर किंवा रेझिनवर काहीच काम करत नाही. तिथे फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट गोंदच लागतो.

हा गोंद हवेतल्या ओलाव्यामुळे घट्ट होतो, ही गोष्ट लक्षात ठेवल्यास ऋतूनुसार होणारा गोंधळ टळतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो धरायला वेळ लावतो, आणि लोक त्यावर आणखी थेंब टाकतात, ज्यामुळे सांधा अधिकच कच्चा राहतो. त्याऐवजी गोंदाचा लहानसा ठिपका एका बाजूला लावावा आणि दुसऱ्या बाजूवर किंचित ओलसर कापसाची काडी फिरवून मग दोन्ही भाग दाबावेत. पावसाळ्यात तोच गोंद झटकन धरतो आणि सांध्याभोवती पांढरी धूसर छटा सोडतो. म्हणून त्या दिवसांत गोंद आणखी कमी घ्यावा आणि खिडकी उघडी ठेवावी.

धातूच्या जड भागांना नुसता गोंद पुरत नाही. पंख, घोड्याचे डोके, लांब बाहू असे भाग तारेने खिळून घ्यावेत. एका बाजूला ड्रिलने १ मिलिमीटरचे भोक पाडावे, त्याच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका द्यावा, दुसरा भाग त्यावर जुळवून दाबावा आणि जिथे रंगाचा ठसा उमटेल तिथे दुसरे भोक पाडावे. ठसा न घेता अंदाजाने पाडलेली भोके सहसा समोरासमोर येत नाहीत. धातू मऊ असला तरी ड्रिल जोराने दाबू नये. दोन-तीन फेऱ्यांनंतर सुई बाहेर काढून कीस झाडावा, नाहीतर ती आतच मोडते आणि मोडलेली सुई कशानेही निघत नाही. पितळी तार भोकापेक्षा किंचित बारीक असावी, म्हणजे गोंदाला जागा राहते आणि भाग थोडासा फिरवून बसवता येतो. उरलेल्या फटी दोन भाग मळून वापरायच्या इपॉक्सी पुट्टीने भराव्यात. एम-सील मोठ्या फटींना आणि तळावरच्या, म्हणजे मिनिएचर जिच्यावर उभे असते त्या चकतीवरच्या, खडकांना उत्तम आहे, पण चेहऱ्याजवळच्या बारीक कामाला तिचा पोत जाड पडतो. तिथे मूर्तिकामाची हिरवी पुट्टी वापरावी. उन्हाळ्यात दोन्ही पुट्ट्या लवकर कडक होतात, म्हणून एका वेळी वाटाण्याएवढीच मळावी.

तळासाठी काळी माती वापरण्याचा विचार मनात येणे स्वाभाविक आहे, कारण ती दारातच असते. ती वापरू नये. कपाशीच्या या जमिनीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळताना आक्रसून भेगाळते. पाण्यात कालवलेला अॅक्रिलिक रंग लागताच तळावरही तेच घडते. त्याऐवजी नदीची वाळू बारीक चाळून, गढूळ पाणी जाईपर्यंत धुऊन आणि तव्यावर कोरडी करून बरणीत भरून ठेवावी. ती पातळ फेविकॉलवर पसरून चिकटवली आणि वर काळसर तपकिरी रंग दिला तर जमीन आपल्या शिवारातलीच दिसते आणि टिकतेही.

प्रायमर हा या यादीतला सर्वांत नाजूक भाग आहे आणि त्याची वेळ आपल्याकडे घड्याळापेक्षा हवेवर ठरते. स्प्रेचे डबे ज्वालाग्राही असल्यामुळे कुरिअरने मागवण्यात अडचणी येतात. गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानातला करडा प्रायमर धातूसाठी चांगला असतो, मात्र प्लॅस्टिकवर मारण्याआधी रिकाम्या चौकटीच्या तुकड्यावर मारून पाहावा, कारण त्यातील द्रावक कधीकधी प्लॅस्टिकचा पृष्ठभाग मऊ करते. डबा दोन मिनिटे पूर्ण हलवावा, अंतर २० ते ३० सेंटिमीटर ठेवावे, फवारा मिनिएचरच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवावा आणि एक जाड थर देण्याऐवजी दोन पातळ थर द्यावेत. भर उन्हात हे केल्यास रंगाचे कण हवेतच वाळून मिनिएचरवर रव्यासारखे खरखरीत बसतात आणि वरचा कोणताही रंग ती खरखर लपवू शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात हे काम सकाळी लवकर, वारा सुटण्याआधी उरकावे. हिवाळ्यात उलट पहाटेचा गारठा ओसरू द्यावा आणि ऊन अंगावर येऊ लागले की सुरुवात करावी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा उत्तम काळ आहे. पावसाळ्यात चांगली उघडीप मिळाल्याशिवाय स्प्रेला हातच लावू नये. अडलेच तर ब्रशने लावायचा प्रायमर वापरावा.

डब्याच्या बाबतीत एक इशारा गंभीरपणे घ्यावा. ५० अंशांपेक्षा अधिक उष्णतेत तो ठेवू नये असे डब्यावर छापलेले असते, आणि पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ही मर्यादा सहज ओलांडली जाते. कूलर चालू असलेल्या खोलीत स्प्रे किंवा वार्निश मारू नये, कारण तो ओलावाही सोडतो आणि धूळही उडवतो. त्याच्या झोतासमोर रंगवायला तर बसूच नये.

रंगांची मांडणी करताना आधी पाण्याची सोय करावी. बोअरच्या पाण्यातले क्षार सावली आणणाऱ्या पातळ रंगात, म्हणजे शेडमध्ये, मिसळले की वाळल्यावर खोलगट भागांत पांढुरकी कड राहते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे शुद्ध केलेले पाणी किराणा दुकानापासून पेट्रोल पंपापर्यंत कुठेही मिळते आणि तेच इथे वापरावे. बॅटरीचे आम्ल आणि बॅटरीचे पाणी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, एवढे बाटलीवर वाचून घ्यावे. ओली पॅलेट मात्र खान्देशात चैन नसून गरज आहे. झाकणाच्या पसरट डब्यात ओला स्पंज किंवा टिश्यू पेपर पसरून त्यावर बटर पेपर ठेवावा आणि रंग त्या कागदावर काढावा. साध्या प्लेटवर काढलेला अॅक्रिलिक रंग मे महिन्यात पट्टा मारेपर्यंत घट्ट होतो. पावसाळ्यात हीच पॅलेट बंद करून ठेवली की तिला बुरशी येते, तेव्हा त्या दिवसांत स्पंज रोज पिळून धुवावा.

ब्रश निवडताना सर्वांत बारीक तो सर्वांत चांगला असे समजू नये. तीन शून्यांच्या ब्रशमध्ये रंग इतका थोडा मावतो की तो डोळ्यापर्यंत पोहोचण्याआधीच टोकावर वाळतो. टोक चांगले असलेला १ किंवा २ नंबरचा ब्रश बारीक रेघही ओढतो आणि रंगही धरून ठेवतो. कोरड्या ब्रशने कडा उजळण्यासाठी जुना, विस्कटलेला वेगळा ब्रश ठेवावा, आणि धातूच्या चमकीच्या रंगांसाठी पाण्याची वाटीही वेगळी ठेवावी, नाहीतर ती चमक पुढच्या प्रत्येक रंगात उतरते.

मिनिएचर बोटांत धरून रंगवू नये, घामाचा तेलकटपणा कडांवर लागतो; औषधाच्या रिकाम्या बाटलीच्या झाकणावर दुहेरी टेपने ते चिकटवावे आणि बाटलीच धरावी. दिवा दोन बाजूंनी असावा. रात्री थांबताना प्रत्येक बाटलीवर एखादा डबा पालथा घालावा, कारण उन्हाळ्यातल्या वाऱ्याबरोबर आलेली धूळ ओल्या रंगात कायमची बसते. सबंध तुकडी हाती घेण्यापूर्वी एकच सैनिक शेवटपर्यंत रंगवून पाहावा आणि मिसळलेल्या रंगांचे प्रमाण वहीत लिहून ठेवावे. पुढची तुकडी दिवाळीनंतर घेतली तरी तोच हिरवा पुन्हा साधला पाहिजे.

वार्निश हा शेवटचा टप्पा असला तरी त्याची तयारी आधीच करून ठेवावी. धातूच्या मिनिएचरचा रंग खेळताना कडांवरून लवकर उडतो, म्हणून त्यांना आधी चकचकीत वार्निशचा थर द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर वर मॅट, म्हणजे बिनचमकीचा, द्यावा. प्लॅस्टिकला नुसता मॅट पुरतो. जुलै-ऑगस्टच्या ओल्या हवेत मारलेला मॅट स्प्रे पांढुरका पडतो, तेव्हा त्या महिन्यांत ब्रशने लावायचे वार्निश बरे, अथवा तुकडी पोळा होऊन हवा कोरडी पडेपर्यंत झाकून ठेवावी. खेळायला धुळ्याहून नाशिक-पुण्याकडे जायचे असल्यास तळाखाली लहान लोहचुंबक बसवून लोखंडी पत्र्याच्या डब्यात उभी मांडावीत, आणि वाटेत जेवायला उतरताना तो डबा गाडीत न ठेवता बरोबर घ्यावा.