एकाच कादंबरीकाराला वाहिलेले नियतकालिक बडोद्याहून कसे काढावे

हरिभाऊ आपटे (1864–1919) यांच्या लेखनाच्या अभ्यासाला वाहिलेले नियतकालिक काढण्याचा विचार बडोद्यात बोलून दाखवला, की पहिली शंका गावाविषयी निघते: त्यांचा जन्म खानदेशातल्या पारोळ्याचा, कारकीर्द पुण्याची, मग इथून कशाला? ही शंका मनातून काढून टाकावी. आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइस यांनी अमेरिकेत कधी पाऊल ठेवले नाही, तरी त्यांच्यावरचे त्रैमासिक 1963पासून तिथल्या टल्सा विद्यापीठातून निघते. आणि चार्ल्स डिकन्स यांच्या वाचकमंडळाने 1905मध्ये सुरू केलेले नियतकालिक आजही चालू आहे. बडोद्यात विद्यापीठाचा मराठी विभाग आहे, सयाजीराव महाराजांनी 1910मध्ये सुरू केलेली सेंट्रल लायब्ररी आहे, शिवाय दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या जुन्या मराठी घरांतले माळे आहेत. त्या माळ्यांवर काय बांधून ठेवले आहे, याची विचारपूस लेख मागवण्याच्या आधी करावी.

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे प्रमाण प्रत ठरवणे, आणि ते पहिल्या अंकापूर्वीच व्हायला हवे. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी 1890मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकात क्रमशः आली आणि नंतर पुस्तकरूपाने निघाली. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघत राहिल्या. प्रत्येक लेखक आपल्या घरातल्या प्रतीचे पृष्ठांक देऊ लागला, तर दुसऱ्याला ते वाक्य सापडणार नाही आणि त्यावर वादही घालता येणार नाही. म्हणून एक जुनी आवृत्ती प्रमाण मानावी, पृष्ठांकासोबत प्रकरणाचा क्रमांक देण्याची सक्ती करावी, आणि त्या आवृत्तीची नीट छायाचित्रे काढून ती मागेल त्या अभ्यासकाला पाठवण्याची सोय ठेवावी. यात कायद्याची अडचण नाही; आपल्याकडे लेखकाचा स्वामित्वहक्क त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षांपर्यंतच टिकतो. मात्र नव्या आवृत्तीतली प्रस्तावना किंवा टीपा दुसऱ्या कोणाच्या असतील, तर त्यांना वेगळी परवानगी लागते.

दोन आवृत्त्या ताडून पाहताना दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने विरामचिन्हांसकट मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने आपल्या प्रतीवर बोट ठेवून ऐकावे आणि फरक दिसेल तिथे थांबवावे. फक्त जुन्या छपाईतले अनुच्चारित, म्हणजे लिहिले जाणारे पण न उच्चारले जाणारे, अनुस्वार कानाला कळत नाहीत, म्हणून ते वाचणाऱ्याने मुद्दाम सांगावेत. 1962च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, आणि त्यांच्याबरोबर काही ठिकाणी अर्थाची खूणही गेली. जुन्या छपाईत ‘ती आली’ म्हणजे एक स्त्री आली आणि ‘तीं आलीं’ म्हणजे मुले आली, हे नुसत्या डोळ्यांना कळत असे. आजच्या लेखनात दोन्ही वाक्ये सारखीच दिसतात. म्हणून अवतरणे जुन्या लेखनाप्रमाणे आणि स्वतःचा मजकूर आजच्या नियमांप्रमाणे, असा नियम करावा व तो कोणासाठीही मोडू नये.

बडोद्यात अक्षरजुळणी बहुधा गुजराती हातांकडे जाते. ती माणसे मनापासून काम करतात, पण मराठीतला ‘ऱ्य’ त्यांच्या सवयीचा नसतो. एका छापखान्यातून आलेल्या माझ्या मुद्रितात सह्याद्रीच्या ‘दऱ्या’ सगळीकडे ‘दर्या’ झाल्या होत्या, म्हणजे डोंगराचा समुद्र झाला होता. तेव्हापासून मी अशा वीसेक शब्दांचा कागद मजकुराबरोबरच देतो आणि मुद्रित तपासताना आधी तेच शब्द शोधतो.

लेखांच्या निवडीत माझे मत स्पष्ट आहे: ‘स्त्रीजीवनाचे दर्शन’ यासारख्या विषयांवरचे चाळीस पानी लेख कमी घ्यावेत आणि दोन पानी टिपणांना मान द्यावा. एखादा जुना शब्द, एखाद्या प्रसंगातली तिथी, साप्ताहिकातून पुस्तकात येताना गळलेला परिच्छेद, अशा टिपणांचा पुढच्या अभ्यासकाला आधार होतो. प्रत्येक लेख नाव झाकून दोन वाचकांकडे पाठवावा. ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी तिची नायिका यमुना हिच्या तोंडून सांगितलेली आहे. यमुनेचे प्रत्येक मत सरळ हरिभाऊंच्या नावावर टाकणारा लेख दुरुस्तीसाठी परत करावा, मग लिहिणारा कितीही ज्येष्ठ असो.

सरकारी बाजू लवकर आटोपते. आयएसएसएन हा नियतकालिकाच्या ओळखीचा आठ अंकी क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनाशुल्क मिळतो. छापील आणि ऑनलाइन रूपांसाठी तो वेगवेगळा घ्यावा लागतो.

वर्षाला एकच अंक ठरवावा आणि तो ठरल्या महिन्यातच काढावा. हरिभाऊंचा जन्म आणि मृत्यू दोन्ही मार्चमधले, तेव्हा तोच महिना सोयीचा. शेवटचे पान दरवेळी शुद्धिपत्रासाठी राखून ठेवावे, आणि चूक दाखवणाऱ्या वाचकाचे नाव तिथे त्याच्या संमतीने छापावे.